अब्रुनुकसानी: कोर्टाची पायरी चढण्याआधी ते एक वाक्य लिहून काढा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज पडतो: ‘टाकीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये सेक्रेटरीने कंत्राटदाराकडून चाळीस हजार खाल्ले.’ ग्रुपवर ८४ जण आहेत. सकाळी सेक्रेटरी तणतणत पोलीस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार अर्ज वाचतो, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून प्रत हातात देतो आणि म्हणतो, ‘कोर्टात जा.’ सेक्रेटरीला वाटतं, पोलीस टाळताहेत. या एका बाबतीत तरी ते टाळत नसतात. अब्रुनुकसानीची वाट कायद्याने पोलीस ठाण्यातून जातच नाही.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच दाखवता येतील. तुम्ही त्या सेक्रेटरीच्या जागी असाल किंवा मेसेज टाकणाऱ्याच्या, दोघांनाही तेवढंच कळायला हवं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

बदनामी, मानहानी, अब्रुनुकसानी हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘मानहानीचा खटला’ आणि ‘मानहानीचा दावा’ एकच समजण्यात. दावा दिवाणी कोर्टात चालतो. त्यात पैशांची भरपाई मागता येते आणि पुन्हा तसा मजकूर छापू नये असा मनाई हुकूमही. फिर्याद फौजदारी कोर्टात चालते आणि तिथे आरोपीला शिक्षा मागितली जाते. एकाच मेसेजवरून दोन्ही करता येतात. मात्र दोन्हींची मुदत वेगळी, खर्च वेगळा आणि बचावसुद्धा थोडा वेगळा.

लेखी आणि तोंडी बदनामी असा जो भेद इंग्लिश कायद्यातून आपल्या कानावर पडतो, तो आपल्या फौजदारी कायद्यात नाही. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खाणाखुणा, चित्र, सगळं एकाच कलमात येतं. कायद्यातली उदाहरणंच बोलकी आहेत: ‘ब’चं घड्याळ कुणी चोरलं असं विचारल्यावर ‘अ’ने नुसतं ‘झ’कडे बोट दाखवलं, तरी बदनामी. ‘झ’ घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र काढलं, तरी बदनामी. मीम आणि स्टिकर बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ही उदाहरणं १८६०च्या दंड संहितेपासून चालत आली आहेत.

त्या संहितेतली ४९९ आणि ५०० ही कलमं १ जुलै २०२४पासून गेली. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. व्याख्या आणि अपवाद जवळपास तेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा, नवीन भर म्हणून, सामुदायिक सेवा. मेसेज १ जुलै २०२४च्या आधीचा असेल तर फिर्यादीत जुनीच कलमं लिहायची. नव्या कलमाखाली जुना मजकूर टाकला की पहिल्याच तारखेला हरकत येते.

पहिली पायरी: वाक्य

एक कोरा कागद घ्या आणि नेमके शब्द लिहा. ज्या भाषेत आले त्याच भाषेत, चुकांसकट. तारीख, वेळ, कुठे, कुणी, कुणासमोर. ‘माझ्याविषयी घाणेरडं लिहिलं’ किंवा ‘मला चोर ठरवलं’ हे चालत नाही. कोर्ट तुमच्या दुखावण्याचं मोजमाप करत नाही, शब्दांचा अर्थ लावतं. फिर्यादीत शब्दच नसतील तर आरोपीने बचाव कशाचा करायचा, असा प्रश्न उभा राहतो आणि फिर्याद तिथेच लंगडी पडते. शब्दाला बोलीतला खास अर्थ असेल तर तोही लिहा. ‘पैसे खाल्ले’ म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही, पण ‘त्याने टाकी चांगलीच पचवली’ असं कुणी लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं हे फिर्यादीत मांडावं लागतं. उपरोध कायद्याच्या कक्षेत येतो. ‘आमचे सेक्रेटरी इतके प्रामाणिक, की कंत्राटदारही लाजला’ हे वाक्य वरवर स्तुतीचं दिसलं तरी सुटत नाही.

मग त्या वाक्याला हे प्रश्न विचारा.

ते कुणाबद्दल आहे? नाव लागतंच असं नाही, ओळख पटली पाहिजे. ‘बी विंगच्या कमिटीतले पाचही जण’ यात पाच माणसं नेमकी ठरतात. ‘सगळ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी चोर’ यात कुणीच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये अलीगढच्या सरकारी वकिलांचा गट ओळखता येण्याजोगा मानला. १९७२मध्ये तामिळनाडूतल्या एका परिषदेच्या प्रकरणात मात्र शेकडोंच्या अनिश्चित जमावातल्या एकाला ‘माझी बदनामी झाली’ म्हणता येणार नाही असं ठरवलं. समाजाची, जातीची, गावाची बदनामी झाली म्हणून उठून केलेल्या बहुतेक फिर्यादी इथेच अडतात.

तिसऱ्या माणसापर्यंत पोचलं का? मेसेज फक्त तुमच्या खाजगी खात्यावर आला आणि मग तुम्हीच तो दहा जणांना पाठवून ‘बघा काय म्हणतोय’ म्हणालात, तर प्रसिद्धी तुम्ही केलीत. समोरच्याने फक्त तुम्हाला शिवी दिली, हा अपमान असेल, अब्रुनुकसानी नाही. कारण अब्रू ही दुसऱ्याच्या मनातली गोष्ट आहे.

त्याने इतरांच्या नजरेत काय खाली येतं? माणसाचं चारित्र्य किंवा बुद्धी, जात किंवा व्यवसायासंबंधी प्रतिष्ठा, पत, किंवा त्याचं शरीर किळसवाण्या अवस्थेत आहे असा समज, यांपैकी काही हवं. ‘गाढव’, ‘नालायक’, ‘कामचोर’ हे शब्द कडू असले तरी एकटे असताना क्वचितच टिकतात. चाळीस हजारांचा आकडा आणि कंत्राटदाराचा उल्लेख आला की वाक्य आरोप बनतं, कारण ते खरं की खोटं हे तपासता येतं.

आणि शेवटी लिहिणाऱ्याचा हेतू, किंवा यामुळे नाव खराब होईल याची जाणीव, किंवा तसं मानायला कारण. हे कारण परिस्थितीवरून काढतात. रात्री साडेअकराला ८४ जणांच्या ग्रुपवर टाकलेला आरोप ‘सहज’ टाकला होता, हे पटवणं कठीण.

मृत व्यक्तीविषयी एक वेगळी गोष्ट. वारलेल्या वडिलांवर आरोप झाला आणि त्यामागे घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर घरचे फौजदारी फिर्याद करू शकतात. भरपाईचा दावा मात्र ज्याची अब्रू गेली त्याच्याबरोबरच संपतो. वारसांना तो पुढे चालवता येत नाही.

दुसरी पायरी: दहा अपवाद, आणि त्यातले कामाचे

कलमाला दहा अपवाद आहेत. नवखे वकीलसुद्धा व्याख्या वाचून थांबतात. खरी लढाई या दहांमध्ये होते.

पहिला अपवाद सत्याचा. दिवाणी दाव्यात आरोप खरा असेल तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं. फौजदारीत पुरत नाही. मजकूर खरा हवा आणि तो सांगणं लोकांच्या हिताचं हवं. सेक्रेटरीने पैसे खाल्ले हे खरं निघालं तर सभासदांना ते कळणं त्यांच्या हिताचंच आहे. पण त्याच सेक्रेटरीचा वीस वर्षांपूर्वी घटस्फोट का झाला, हे खरं असलं तरी टाकीशी त्याचा संबंध काय?

सरकारी नोकराचं कामातलं वर्तन, सार्वजनिक प्रश्नात पडलेल्या माणसाचं वर्तन, कोर्टातल्या कामकाजाचं वृत्त, निकालावरची टीका, पुस्तकाचं किंवा नाटकाचं परीक्षण, वरिष्ठाने हाताखालच्याला दिलेली समज, हे सगळं सद्भावनेच्या किंवा अचूकतेच्या अटीवर मोकळं आहे. परीक्षणाच्या बाबतीत एक रेषा लक्षात ठेवली की काम होतं: ‘पुस्तक टुकार आहे’ चालेल, ‘लेखक चोरटा आहे’ म्हणायचं तर पुरावा हवा.

रोजच्या भांडणात कामाला येतात ते आठवा आणि नववा. आठव्यानुसार, ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी नाही. सोसायटीचा हिशेब खटकला तर तुम्ही सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अर्ज केलात, लेखापरीक्षणाची मागणी केलीत, तर संरक्षण आहे. तोच अर्ज लिफ्टमध्ये चिकटवलात, किंवा त्याची प्रत शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीत, तर त्या कागदापुरतं संरक्षण विरघळलं. मजकूर एकच, फक्त तो कुणाच्या हातात दिला त्यावर सगळं अवलंबून. नववा अपवाद स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी केलेल्या विधानाचा. दुकानदार आपल्या माणसाला सांगतो, ‘रोख दिल्याशिवाय त्याला माल देऊ नकोस, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला खात्री नाही.’ हेही कायद्याच्या पुस्तकातलंच उदाहरण. दुकानदाराने हे गिऱ्हाइकांच्या गर्दीत ओरडून सांगितलं असतं तर गोष्ट बदलली असती.

सद्भावना हा शब्द इथे फसवा आहे. मराठीत सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं. कायद्यात तिचा अर्थ योग्य ती काळजी आणि लक्ष घालून केलेली गोष्ट. मन कितीही स्वच्छ असो, तपासलं नसेल तर सद्भावना नाही. याचं महाराष्ट्रातलं जुनं आणि महागडं उदाहरण टिळक-आगरकरांचं. कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांचे कारभारी बर्वे छळताहेत असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’मधून आला. तो ज्या पत्रांच्या आधारे लिहिला गेला ती पत्रं बनावट निघाली. १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूवर आज कुणी शंका घेत नाही. कागदाने दगा दिला. कुणी हातात दिलेली झेरॉक्स पुढे ढकलण्याआधी तीस मिनिटं तिच्या उगमासाठी द्यावीत, एवढा तरी धडा यातून घेता येतो.

वृत्त देण्याच्या अपवादाचं मराठी उदाहरण १९९८चं. विधानसभेत मंत्र्यांनी दिलेल्या उत्तरातली नावं ‘लोकमत’ने छापली होती. नाव आलेल्या एकाने फिर्याद केली. सभागृहातल्या कामकाजाचं अचूक वृत्त सद्भावनेनेच दिलं जातं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द ठरवली. इथे कामी आला तो शब्द ‘अचूक’. सभेच्या इतिवृत्तात आहे तेवढंच सांगितलं तर तुम्ही वृत्त देताय. त्यात ‘आणि आतून आणखी दोन लाख’ जोडलंत की तो तुमचा आरोप.

तिसरी पायरी: पुरावा आत्ताच बांधा

इथे बहुतेक जण चुकतात. स्क्रीनशॉट काढतात आणि निर्धास्त होतात.

स्क्रीनशॉटवर दिसणारं नाव तुम्ही तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. म्हणून एक स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचा नंबर उघडून काढा, एक ग्रुपच्या माहितीच्या पानाचा, ज्यात सभासदसंख्या दिसते. मेसेजच्या आधीचे आणि नंतरचे मेसेजही दिसू द्या. संदर्भ तोडलेला स्क्रीनशॉट उलटतपासात पहिला कापला जातो. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम असेल तर पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ. तो फोन विकू नका, रीसेट करू नका, नवा घेतलात तरी जुना कपाटात ठेवा.

मग प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी पुराव्याच्या कायद्यातलं ६५-ब कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण कोर्टात आणून सिद्ध करत नसाल आणि नुसती प्रत दाखल करत असाल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. नव्या कायद्यात त्याचा नमुनाच दिला आहे: एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य नमूद करायचं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

मेसेज मुळात वाचणारे दोन-तीन साक्षीदार हवेत. ते घरचे नसलेले बरे. तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतील, ‘मी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी चेअरमनना फोन करून विचारलं, हे खरं का?’ ही एक साक्ष ‘माझी समाजात मोठी प्रतिष्ठा आहे’ या तुमच्या दहा ओळींपेक्षा जड.

चौथी पायरी: नोटीस, आणि तिचा मोह

खाजगी माणसांमधल्या अब्रुनुकसानीला नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी ती द्यावी. मजकूर मागे घ्या, त्याच ग्रुपवर माफी मागा, पंधरा दिवसांत उत्तर द्या, एवढं तिच्यात असतं. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, पावती आणि पोच जपा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण मेसेज टाकणाऱ्यालाही सकाळी उठल्यावर पश्चात्ताप झालेला असतो.

पाच कोटींची नोटीस ही आपल्याकडची आवडती करमणूक आहे. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. दाव्यात लिहायला पडतात, कारण कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात असते. म्हणून वर्तमानपत्रात गाजलेल्या शंभर कोटींच्या नोटिशीचा पुढे दावा दिसला नाही तर नवल वाटून घेऊ नये.

आणि एक मोह टाळा: नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकण्याचा. त्यात समोरच्यावर ‘खोटारडा, खंडणीखोर’ असं वकिलाने लिहिलं असेल, तर आता दोन फिर्यादी होतील.

पाचवी पायरी: दावा की फिर्याद, आणि घड्याळ

दाव्याची मुदत एक वर्ष, मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून. फिर्यादीची तीन वर्षं. पोस्ट कुणाची हेच माहीत नसेल तर फिर्यादीची मुदत ते कळल्यापासून मोजता येते. जुनी पोस्ट दोन वर्षांनी कुणी तरी दाखवली म्हणून दाव्याची मुदत नव्याने सुरू होईल, यावर भिस्त ठेवू नका. ‘आधी फौजदारी निकाल लागू दे, मग दावा करू’ असं म्हणणाऱ्यांचा दावा त्या निकालाची वाट पाहतच मुदतबाह्य होतो.

पैशाचं नुकसान दाखवता येत असेल, म्हणजे गिऱ्हाईक गेलं, कंत्राट रद्द झालं, तर दावा. मजकूर काढून टाकायला लावणं हाच हेतू असला तरीही दावा. पण सुनावणी पूर्ण होण्याआधी लेखच बंद करा असा हुकूम सहज मिळत नाही. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा हुकूम रद्द करताना सांगितलं, की तो अपवादानेच द्यावा. मजकूर उघड खोटा किंवा द्वेषाने लिहिलेला आहे हे वरवर पाहता स्पष्ट दिसत नसेल तर कोर्टाने घाई करू नये.

सरकार, महापालिका वगैरेंना अब्रुनुकसानीची भरपाई मागता येत नाही, हे १९९४मध्ये राजगोपाल प्रकरणात ठरलं. कंपनीला, संस्थेला मात्र येते.

फौजदारी अब्रुनुकसानी असावीच का, हा वाद जुना आहे. ज्या इंग्लंडकडून आपण ती घेतली त्यांनी २००९मध्ये कायदा करून ती काढून टाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ती घटनेला धरून आहे असं म्हटलं. लोकप्रतिनिधींसाठी तर कमाल शिक्षेचा आकडा फार वजनाचा आहे: दोन किंवा त्याहून जास्त वर्षांची शिक्षा झाली की अपात्रता येते. सुरतच्या कोर्टाने २३ मार्च २०२३ रोजी राहुल गांधींना नेमकी दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांची खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली.

सहावी पायरी: फिर्याद कशी चालते

गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र आणि तडजोडीला पात्र. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. शिवाय या गुन्ह्यात एफआयआर होत नाही आणि ‘पोलिसांना तपास करायला सांगा’ असा आदेशही मॅजिस्ट्रेट देत नाहीत, हे २०१६च्या त्याच निकालात स्पष्ट झालं. ज्याची बदनामी झाली त्यानेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद करायची. चाहत्याने, कार्यकर्त्याने, भाच्याने केलेली चालत नाही. अज्ञान मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन दुसरा करू शकतो. मंत्री किंवा सरकारी नोकरावर कामाच्या संदर्भात आरोप असेल तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात जाऊ शकतो, पण सहा महिन्यांच्या आत. त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा, साध्या मार्गाने जाण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो.

फिर्याद दाखल झाली की तुमचा शपथेवर पडताळणीचा जबाब होतो. फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ने एक मोठा बदल केला: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायलाच हवी. पूर्वी आरोपीला पहिल्यांदा कळायचं ते समन्स आल्यावर. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल, म्हणजे फिर्याद ठाण्यात आणि मेसेज टाकणारा मुलाकडे नागपूरला, तर समन्स काढण्याआधी कोर्टाने चौकशी करणं सक्तीचं आहे. ती न करता निघालेलं समन्स वरच्या कोर्टात उडतं, आणि तुमचं वर्ष जातं. साक्षीदारांची यादी दिल्याशिवायही समन्स निघत नाही.

समन्स निघालं की आरोपी येतो, जातमुचलका (हजर राहण्याची लेखी हमी) देतो, त्याला आरोप समजावून ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतात. मग तुमची साक्ष आणि उलटतपास. हा समन्स खटला असल्याने एक सापळा आहे. फिर्यादी तारखेला सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिला तर कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकतं. तारीख चुकवायची वेळ आली तर वकिलाकडून अर्ज जाईल हे बघा. पुष्कळ फिर्यादी पुराव्याअभावी नव्हे, कंटाळ्याने मरतात.

उलटतपासात तुमची प्रतिष्ठाच तपासली जाते. तुम्ही ‘निष्कलंक’ लिहिलं असेल तर जुना डाग शोधला जाईल. माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणींवर लैंगिक छळाच्या आरोपावरून केलेल्या फिर्यादीत १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडताना हेही सांगितलं, की स्त्रीला आपली तक्रार कित्येक वर्षांनीही आणि तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडता येते. प्रतिष्ठेचा हक्क प्रतिष्ठितांच्या सोयीसाठी असतो, असं गृहीत धरून फिर्याद करणाऱ्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

नोटीस तुम्हाला आली तर

मेसेज घाईने डिलीट करू नका. त्याने पुरावा जात नाही, फक्त तुम्ही घाबरलात असं दिसतं. काढायचाच असेल तर आधी त्याची प्रत आणि संदर्भ जपून ठेवा, मग काढल्याचं लेखी कळवा. तुमच्या विधानाचा आधार काय होता त्याचे कागद गोळा करा: कोटेशन, बिलं, सभेचं इतिवृत्त, माहितीचे अर्ज. अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण फिर्यादीइतक्या कडक मापाने नाही. तुमची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरतं, हे १९६५च्या हरभजन सिंग प्रकरणापासून पक्कं आहे. तरीही ‘मी सद्भावनेने लिहिलं’ हे सांगून सुरुवातीलाच फिर्याद रद्द करून घेता येईल अशी आशा धरू नका. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सद्भावना हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि तो खटल्यातच ठरायचा. वर सांगितलेलं विधानसभेच्या वृत्ताचं प्रकरण लवकर सुटलं, कारण तिथे मजकूर सरळ सभागृहाच्या कामकाजातून आलेला होता.

नुसता फॉरवर्ड केला असेल तरी तुम्ही सुटत नाही, प्रसिद्धी पुन्हा झालीच. ग्रुपचे ॲडमिन असाल तर थोडा दिलासा आहे. मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय जबाबदार धरता येणार नाही असं म्हटलं. तो खटला अब्रुनुकसानीचा नव्हता, पण मुद्दा इथेही उपयोगी पडतो.

आणि कुणी ‘आयटी ॲक्टच्या ६६-अ खाली आत टाकतो’ म्हणालं, तर शांतपणे सांगा की ते कलम २४ मार्च २०१५ला रद्द झालं. २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तिथूनच ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. खोटं प्रोफाइल काढून बदनामी, स्त्रीच्या विनयाला धक्का देणारा मजकूर, जातीवाचक अपमान, हे मात्र वेगळे आणि दखलपात्र गुन्हे आहेत. तिथे पोलीस ठाण्यात आणि सायबर पोर्टलवर लगेच तक्रार करता येते, आणि करावी.

मिटवायचं असेल तर

तडजोड निकालाआधी कोणत्याही टप्प्यावर करता येते आणि बदनामी झालेल्याने केली तर खाजगी प्रकरणात कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही. दोघांच्या सह्यांची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल होते आणि आरोपी निर्दोष सुटतो. माफीचा मजकूर आधी ठरवून घ्या. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’ ही माफी नाही, पुढच्या भांडणाची पायाभरणी आहे. हवं ते असं: ‘अमुक तारखेचा माझा मेसेज पुराव्याशिवाय होता, मी तो मागे घेतो.’ तोच ग्रुप, तोच नंबर, आणि शक्यतो दिवसा, सगळे जागे असताना. दावाही चालू असेल तर त्याची पुरसीस वेगळी द्यावी लागते. फौजदारी मिटलं म्हणून दिवाणी आपोआप मिटत नाही.